एका ओळीची दुरुस्ती

कार्गो शेडमध्ये मला सगळे 'किल्ली' म्हणतात. माल अडकला की किल्लीला गाठा, असं गेली अठ्ठावीस वर्षं चालू आहे. माझा धंदा क्लिअरिंग एजंटचा. परदेशातून माल आला की तो काय आहे, कुणाचा आहे आणि कशासाठी आहे हे कस्टम्सला कागदावर सांगायचं, शिक्के मिळवायचे आणि माल सोडवून मालकाच्या हवाली करायचा. ऐकायला सोपं वाटतं. संसार करणंही ऐकायला सोपंच वाटतं.

हा धंदा मला वस्तादांनी शिकवला. त्यांचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं आणि एक पंखा, जो फक्त त्यांच्याकडे तोंड करून फिरायचा. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "कागदावर चूक कधी कबूल करायची नाही. तोंडाने हवी तेवढी कर. साहेबापुढे कान धर, नाक घास, रड. पण लिहून देऊ नकोस. माणूस विसरतो, बदलून जातो, रिटायर होतो. कागद कुठे जात नाही." मी हे इतकं मनावर घेतलं की बायको म्हणते, या माणसाने लग्नानंतर एकदाही 'चुकलो' म्हटलेलं नाही, लिहिणं तर लांबच.

वस्ताद गेले, धंदा माझ्याकडे आला. लायसन्स माझ्या नावावर झालं. ते फ्रेम करून टेबलाच्या मागे लावलंय. दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण होतं आणि त्या वेळी वरचे साहेब तुमची जुनी फाईल काढून बसतात. पाच वर्षांत खोट्या वर्णनाचे तीन शेरे लागले की चौकशी. माझ्या फाईलवर दोन होते. दोन्ही गिऱ्हाइकांच्या चावटपणामुळे लागलेले, असं मी सगळ्यांना सांगतो.

आता ताईबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट तिची आहे. मी उगाच आधी स्वतःबद्दल बोलत बसलो, ही माझी सवय.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ती सोळा. तिने शाळा सोडली आणि शिवणाचं मशीन घेतलं. गणवेश शिवायची. हॉस्पिटलच्या नर्सचे, हॉटेलच्या वेटरचे, पहारेकऱ्यांचे. निम्मं शहर तिने शिवलेल्या कॉलरींत मान घालून फिरत असे. माझा अभ्यासही तिनेच घेतला. मशीनचा पाय चालू ठेवून ती माझं शुद्धलेखन तपासायची. मी पेन्सिल इतकी दाबून लिहायचो की अक्षरं पुढच्या तीन पानांवर उमटायची. ती वही उलटी करून मागून बोट फिरवायची आणि म्हणायची, "अरे, लिहितोयस की खणतोयस? आंधळ्यालाही वाचता येईल." मग आम्ही दोघं हसायचो. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

तिचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. डोळ्याच्या मागच्या बाजूला सूज येण्याचा काहीतरी विचित्र आजार, ज्याचं नाव डॉक्टर तीन दमात घेतात. डावा शाबूत होता. त्या एका डोळ्यावर ती काम करत होती, फक्त सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलवायची. मग एका सकाळी तिला कात्रीचं टोक दुहेरी दिसायला लागलं.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, "एक इंजेक्शन आहे. इथे मिळत नाही. बाहेरच्या एका हॉस्पिटलशी मी बोललोय, ते पाठवतील. पुढच्या शुक्रवारपर्यंत पहिला डोस डोळ्यात गेला पाहिजे. गेला तर हा डोळा राहील. नाही गेला तर मी काही सांगू शकत नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कस्टम्समध्ये अडकणार नाही ना?"

ताईने माझ्या आधीच उत्तर दिलं. "माझा भाऊ आहे ना तिथे. लोकांची जहाजं सोडवतो तो. माझं खोकं किती मोठं असणार?"

डॉक्टरांनी मला एक पत्र दिलं, एक प्रिस्क्रिप्शन दिलं आणि हॉस्पिटलच्या शिक्क्याचा दाखला दिला. मी ते तिन्ही कागद बॅगेत ठेवले. ते बॅगेत होते, हे मी पुन्हा सांगतो. हरवले नव्हते, घरी राहिले नव्हते. माझ्या बॅगेत, डाव्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत होते.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. एखाद्या रुग्णासाठी बाहेरून औषध आलं की कायदा त्याच्याशी चांगला वागतो. करातून सूट असते, खोकं आल्याबरोबर थंड खोलीत जातं. फक्त आधी कागद लागतात. डॉक्टरचं पत्र, प्रिस्क्रिप्शन, रुग्णाचं ओळखपत्र आणि औषध खात्याच्या माणसाचा एक शिक्का. तो माणूस जागेवर असला तर या सगळ्याला अर्धा दिवस लागतो, नसला तर पूर्ण. आणि आमच्या धंद्यात एक चोरवाट आहे, जी सगळे वापरतात. छोटं खोकं असलं की वर्णनाच्या रकान्यात लिहायचं: 'नमुना, विक्रीसाठी नाही.' बटणांचं खोकं, साबणाचं खोकं, खुर्चीचा एक पाय, काहीही असो. नमुना लिहिलं की अधिकारी वर बघतसुद्धा नाही. तासाभरात माल बाहेर.

शनिवारी मी ऑफिसात बसून ताईच्या खोक्याचं डिक्लरेशन भरलं. आयात करणाऱ्याच्या जागी तिचं नाव घातलं. वर्णनाच्या रकान्याशी आलो आणि हाताने आपोआप लिहिलं, 'नमुना, विक्रीसाठी नाही.' अठ्ठावीस वर्षांत हाताला सवय लागली होती. पण सगळा दोष हातावर ढकलणं खरं नाही. लिहून झाल्यावर मी ते वाचलं. क्षणभर थांबलो. मग वाटलं, बरंच झालं, औषध खात्याच्या माणसामागे फिरायला नको. ताईला फोन करून म्हणालो, "सोमवारी दुपारी खोकं तुझ्या हातात देतो." ती म्हणाली, "तू असल्यावर मला कसली काळजी."

औषधाच्या नमुन्यांसाठी नियम बदलल्याचं परिपत्रक दोन महिन्यांपूर्वी आलं होतं. ते माझ्या टेबलावरच होतं. त्यावर मी चहाचा कप ठेवत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझ्याच गोठ्यातला.

सोमवारी सकाळी खोकं उतरलं. पांढरं, थर्माकोलचं, कुशीत घेता येईल एवढं. वर ताईचं नाव छापलेलं. आत सहा बाटल्या आणि बर्फाच्या पिशव्या, ज्या बुधवार संध्याकाळपर्यंत टिकणार होत्या. बाटल्यांजवळ एक पट्टी असते. औषध ठरावीक तापमानाच्या वर गेलं की ती हिरव्याची लाल होते, आणि एकदा लाल झाली की पुन्हा हिरवी होत नाही.

काउंटरवर नवीन मॅडम होत्या. तिशीच्या असतील. आमच्यातले लोक त्यांना 'शाळा' म्हणायचे, कारण त्या प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचायच्या. त्यांनी माझं डिक्लरेशन वाचलं, मग हॉस्पिटलचं बिल वाचलं.

"हा नमुना नाही," त्या म्हणाल्या. "इथे बिलावर रुग्णाचं नाव आहे."

"आपल्याकडे असंच लिहितात, मॅडम."

"औषधाचा नमुना असेल तर आता औषध खात्याचं लायसन्स लागतं. महिना जाईल. रुग्णाचं औषध असेल तर काही लागत नाही, नुसती डॉक्टरची कागदपत्रं. आहेत?"

"आहेत."

"मग प्रश्न काय आहे?" त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "एक ओळ लिहून द्या. वर्णन चुकून नमुना असं लिहिलं, औषध रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. खाली सही करा. मी जेवणाच्या सुट्टीआधी सोडते."

कागद कोरा होता. पेन माझ्या खिशात होतं. बॅगेच्या डाव्या कप्प्यात तिन्ही कागद होते. आजही डोळे मिटले की मला ते काउंटर दिसतं, कोपऱ्यात चिकटवलेला शाईचा पॅड आणि मॅडमच्या मनगटावरचं घड्याळ, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं.

मी विचारलं, "या ओळीचा शेरा लागेल का फाईलवर?"

"लागेल," त्या म्हणाल्या. "चुकीचं वर्णन म्हणून नोंद होते. ते माझ्या हातात नाही. पण तुम्हीच सुधारलंत असंही त्यातच येतं."

तिसरा शेरा. नूतनीकरण पुढच्या महिन्यात. मी म्हणालो, "बघतो."

आणि मी चहा प्यायला गेलो. हे लिहितानाही लाज वाटते, पण मी चहाच प्यायला गेलो. दोन कप प्यायलो.

माझा हिशोब असा होता की ओळ न लिहिता काम होईल. किल्ली कशाला म्हणतात मग मला? मी कॉम्प्युटर खोलीतल्या ओळखीच्या माणसाला गाठलं. जुनं डिक्लरेशन गुपचूप मागे घेऊन नवीन टाकायचं, कुणाला पत्ता लागणार नाही. तो म्हणाला, "आज साहेब बसलेत. उद्या बघू." मग मी शेडमध्ये गेलो. थंड खोलीवर जो माणूस असतो तो माझा जुना मित्र. त्याला म्हणालो, "तेवढं खोकं आत ठेव रे, ताईचं आहे." तो खरंच अडचणीत पडला. म्हणाला, "किल्ली, तुझ्या कागदावर नमुना आहे. नमुन्याला थंड खोली नाही, आत जाताना स्कॅनरच घेत नाही. वर्णन बदलून आण, या हाताने ठेवतो." मी त्याच्यावर चिडलो. त्याला नियम शिकवलेले मीच, आणि तो मलाच ते ऐकवत होता.

दुपारी ताईचा फोन आला. "आलं का रे?"

"आलंय. जरा कस्टम्सचं काम बाकी आहे."

"बरं. तू जेवलास का?"

मंगळवारी कॉम्प्युटर खोलीतला माणूस रजेवर होता. त्याच्या मुलीला ताप आला होता. मी त्याला फोनवर फोन केले, शेवटी त्याच्या बायकोने फोन उचलून सुनावलं. मग मी वरच्या साहेबांकडे गेलो. या साहेबांच्या घराचं सामान मी बदलीच्या वेळी दोनदा सोडवून दिलं होतं, फर्निचरला ओरखडा न पडता. बाहेरच्या बाकावर तीन तास बसलो. बाक लाकडी, एक पाय आखूड, बसलं की डुलायचा. साहेब बाहेर पडताना म्हणाले, "उद्या."

संध्याकाळी बायकोला घेऊन ताईकडे गेलो. तिने विचारण्याआधीच मी सुरू झालो. म्हणालो, एक नवीन बाई आली आहे, फार खडूस, नियमावर बोट ठेवते, उगाच अडवून धरलंय, तिला बहुतेक काहीतरी हवंय. बोलता बोलता मलाच ते खरं वाटायला लागलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं अंगण त्या संध्याकाळी फार वाकडं झालं. बायको म्हणाली, वर तक्रार करा. ताई मात्र म्हणाली, "नवीन आहे ना बिचारी. तिलाही वरून कुणीतरी दटावत असेल. तू नीट बोल तिच्याशी. तुझा आवाज चढतो."

ती बटणं निवडत बसली होती. पुढ्यात ताट, त्यात वेगवेगळ्या मापाची पांढरी बटणं. ती एकेक बटण डोळ्याच्या अगदी जवळ नेत होती, मग बाजूला ठेवत होती. एक बटण तिने चुकीच्या ढिगात टाकलं. मी ते तिथेच राहू दिलं.

बुधवारी साहेब भेटले. त्यांनी फाईल मागवली, पहिलं पान पाहिलं आणि मिटली. म्हणाले, "यावर त्या बाईंची नोंद पडली आहे. आता मी हात लावला तर माझे हात पोळतील. तुम्ही ती ओळ का देत नाही लिहून? साधी गोष्ट आहे."

"सर, माझं नूतनीकरण आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "पेशंट कोण आहे?"

"ओळखीतल्या आहेत," मी म्हणालो.

ओळखीतल्या. मी हेच म्हणालो. जिने मला लिहायला शिकवलं ती माझ्या ओळखीतली होती.

बुधवारी संध्याकाळी पाचला मी काउंटरपर्यंत गेलो होतो. मॅडम अजून बसलेल्या होत्या. मी खिशातून पेनही काढलं होतं. पुढे एक म्हातारा प्रवासी उभा होता, त्याने मुलाकडून आणलेलं कसलं तरी मशीन जाहीर केलं नव्हतं आणि तो हात जोडून म्हणत होता, माझी चूक झाली, मला माहीत नव्हतं. मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं, फॉर्म भरून दिला. दहा मिनिटांत तो मशीन घेऊन गेला. मी ते सगळं पाहिलं आणि मनात काय आलं सांगू? हा बावळट आहे, लिहून देऊन बसला. मी पेन खिशात ठेवलं आणि ठरवलं की उद्या सकाळी तो कॉम्प्युटरवाला येईल.

गुरुवारी सकाळी तो आला. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. बुधवारचं ऑफिस बंद होईपर्यंत दुरुस्ती आली नाही, म्हणून नियमाप्रमाणे प्रकरण औषध खात्याकडे गेलं होतं. मी धावत मॅडमकडे गेलो. म्हणालो, "देतो लिहून."

"आता माझ्याकडे काही नाही," त्या म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "मी सोमवारी संध्याकाळी सातपर्यंत थांबले होते. काल पाचला तुम्ही इथे येऊन गेलात. मला वाटलं, देताय."

औषध खात्याच्या माणसाने शुक्रवारी दुपारी खोकं उघडलं. बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं. पट्टी लाल होती.

डॉक्टरांनी पुन्हा मागणी घातली. दुसरं खोकं पाच आठवड्यांनी आलं. त्याचे कागद डॉक्टरांनी दुसऱ्या एजंटाकडून करून घेतले. मला विचारलंसुद्धा नाही. त्या पोरगेल्या एजंटाने अर्ध्या दिवसात खोकं सोडवलं. पण तोवर ताईच्या डाव्या डोळ्याला नुसता उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, वाट पाहिली, दुसरं दिलं. मग एक दिवस म्हणाले, आता थांबूया.

माझं नूतनीकरण झालं. विनाशेरा. म्हणजे, दोनच शेरे.

पहिल्या खोक्याचा मात्र कस्टम्सला निकाल लावायचा होता. खराब झालेला माल नष्ट करायला मालकाची संमती लागते. आयात करणारी म्हणून ताईचं नाव, त्यामुळे सही तिची. फाईलची प्रत माझ्याकडे पोस्टाने आली. मी ती न उघडताच ताईकडे घेऊन गेलो. हल्ली मी कागद उघडायचं टाळतो.

ताई शिवणाच्या खोलीत होती. मशीनवर कापड टाकलेलं. भिंतीवर मापाच्या टेपा अजून रांगेत टांगलेल्या. ती खुर्चीवर बसून हातांनी चाचपत जुन्या शर्टांची बटणं काढत होती. डोळे गेल्यापासून तिला हे काम बरोबर जमत होतं. ढीग आता चुकत नव्हते.

"सही हवी आहे एक," मी म्हणालो. "त्या खोक्याची."

"वाचून दाखव आधी. न वाचता सही करू नये, तूच सांगायचास सगळ्यांना."

मी फाईल उघडली आणि वाचायला लागलो. आमच्या लोकांची वाचायची एक पद्धत असते, भराभर, अर्थाकडे लक्ष न देता, कुठे कोणता शिक्का आहे एवढंच बघत. आयात करणाऱ्याचं नाव, खोक्याचा नंबर, विमानाचा नंबर, तारीख. पान उलटलं. दुसऱ्या पानावर हाताने लिहिलेली नोंद होती. ती मी कधी पाहिली नव्हती. तोंड पुढे चालूच होतं. "सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एजंटास वर्णन दुरुस्त करण्यास सुचविले. रुग्णाची सर्व कागदपत्रे एजंटाकडे असल्याचे त्याने सांगितले. एका ओळीची दुरुस्ती दिल्यास माल तात्काळ..."

मी थांबलो.

"तात्काळ काय?" ताईने विचारलं.

"इथे पुसट आहे."

"नोंदी पुसट नसतात. वाच."

मी वाचलं. "माल तात्काळ सोडता येईल असे सांगितले. एजंटाने दुरुस्ती देण्याचे टाळले. मंगळवार, दुरुस्ती नाही. बुधवार, सायंकाळी पाच, एजंट काउंटरवर येऊन परत गेला. दुरुस्ती नाही."

ताईच्या हातातलं बटण हातातच राहिलं. बाहेर कुणीतरी रिकामं पिंप फरशीवरून ओढत नेत होतं, तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

"ती बाई अडवत नव्हती तर," ती म्हणाली.

"नाही."

"तिला काही नको होतं."

"नाही."

"मी तिला शिव्या दिल्या. तुझ्यासमोर नाही, मनात. शुक्रवारी रात्रभर दिल्या." मग तिने विचारलं, "एकच ओळ होती?"

"एकच."

"का नाही लिहिलीस?"

मी तिला लायसन्सचं सांगितलं. तिसऱ्या शेऱ्याचं, नूतनीकरणाचं, वस्तादांचं. सांगताना ते सगळं इतकं लहान वाटत होतं की मी मध्येच गप्प झालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते दिसणार नाही हे लक्षात आलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

"या कागदावर शेऱ्याला जागा आहे का?" तिने विचारलं.

संमतीपत्राच्या खाली होती. 'एजंटाचा शेरा, असल्यास.' चार ओळींची मोकळी जागा.

"आहे."

"मग लिही ती ओळ."

"ताई, आता त्याचा काय उपयोग?"

"उपयोगाचं मी बोलतच नाहीये. त्या बाईने एवढं लिहून ठेवलंय, तिच्या खाली तुझं काहीतरी असू दे. चूक माझी, एवढं लिही. पुढचं लिहू नकोस हवं तर."

मी खिशातून पेन काढलं. कागद मशीनच्या फळीवर ठेवला. पेनाचं टोक कागदाच्या अगदी जवळ नेलं. नूतनीकरण होऊन दोनच महिने झाले होते. ही फाईल वर जाणार होती. शेरा कुणीतरी वाचणार होतं. माणूस विसरतो, बदलून जातो, रिटायर होतो.

मी पेन हवेत फिरवलं. च ची गाठ मारली, ऊकार ओढला, क काढला. नीट, सावकाश, जितका वेळ लिहायला लागतो तितका वेळ. कागदाला टोक लागू दिलं नाही.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

तिने हात पुढे केला. मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो उलटा केला, मांडीवर सपाट ठेवला आणि मागच्या बाजूने अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत. मग पुन्हा एकदा, हळू. कागद मागून साफ होता, नव्या कापडासारखा.

"लहानपणी दाबून लिहायचास," ती म्हणाली.

तिने कागद सरळ केला.

"माझी सही कुठे?"

मी तिचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. माझ्या हातातलं पेन तिने घेतलं आणि नाव लिहिलं, एकेक अक्षर जोर देऊन. मग पेन मला परत दिलं आणि विचारलं, ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं, आज जाऊन होईल का.

मी कागद फाईलला लावला. तिची सही मागच्या बाजूने बोटांना लागत होती.